परत न म्हटलेला आकडा

ही घटना खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, मी कुणाला पटवायला बसलेलो नाही. भुताखेतांवर माझा फारसा विश्वास नव्हता. आमच्या साहेबांवर त्याहूनही कमी होता, आणि तरी त्यांनी सांगितलेलं सगळं मी केलं.

रात्रीबित्रीची वाट बघू नका. संध्याकाळचे पाच वाजले होते. लख्ख ऊन होतं. जागा म्हणजे शहराच्या मधोमध, नदीच्या अगदी कडेला बांधलेला ट्रामचा नवा थांबा.

मी नदीकाठ सुधार प्रकल्पाच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे. म्हणजे साहेब हवेत बोट फिरवतात आणि मी त्याचा नकाशा काढतो. साहेबांना नदी फार आवडायची. फक्त ती ओली असते, एवढंच त्यांना खटकायचं.

काठावर आम्ही मोठा फलक लावला होता. 'काठ सर्वांसाठी खुला.' त्याखाली बारीक अक्षरांत... झोपू नये, पाण्यात पाय सोडू नयेत, विनाकारण थांबू नये. बाकांना मधोमध लोखंडी दांडे होते. दमल्याभागल्या माणसाने चुकून आडवं व्हायला नको, म्हणून.

ट्रामचा थांबा वर रस्त्यालगत चालला असता. पण साहेबांना तो खाली हवा होता.

"दार उघडलं की समोर पाणी. लोक बघतच राहतील," ते म्हणाले.

अडचण एकच होती. खालच्या थांब्याची फरशी नदीच्या मापाने सहा मीटरवर येत होती. आणि काठाच्या जुन्या भिंतीत एक दगड होता, त्यावर रेघ आणि आकडा. सात मीटर वीस. आजवरचा सगळ्यात मोठा पूर तिथवर चढला होता.

ती रेघ माझ्या मामांनी कोरली होती.

नदीची पातळी वाचणं हीच मामांची नोकरी. तीस वर्षं. रोज संध्याकाळी पाचला ते शेवटच्या पायरीवर उतरायचे. पँटचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेला, डावा तसाच. उजवा पाय पाण्यात, डावा कोरड्या पायरीवर. मी लहानपणी विचारलं होतं, असं का? तर म्हणाले, "एक पाय तिच्या घरात, एक आपल्या. दोन्ही घरांची मर्जी राखावी लागते बाळा."

मग ते आकडा हाकारायचे. लांब, गाण्यासारखा. वरच्या पंपघरातल्या माणसाने तोच आकडा परत म्हणायचा. म्हटला की मामा वर यायचे. नाही म्हटला तर तिथेच उभे, आणि पुन्हा हाक. कारण ज्याने आकडा परत म्हटला, त्याचा तो झाला. पूरदरवाजे लावायचे, खालच्या घरांना उठवायचं, ते सगळं मग त्याच्या माथी.

पंपघर आम्ही पाडलं. तिथे आता कारंजं आहे. नदीच्या काठावर कारंजं. हसू नका, त्याला बक्षीस मिळालंय.

मामांना जाऊन चौदा वर्षं झाली.

"तो दगड जरा खाली घ्या," साहेब मला म्हणाले. "जुना आहे. सरकलाच असेल."

कागदावर काही नाही. सगळं तोंडी. असल्या माणसांची ही एक गोष्ट मानली पाहिजे, हस्ताक्षर कुठे ठेवू नये हे त्यांना बरोबर कळतं.

मी गवंड्याला घेऊन गेलो. त्याने दगड काढला, पाच ऐंशीवर, म्हणजे थांब्याच्या फरशीखाली बसवला आणि सिमेंटचे हात पुसत माझ्याकडे बघितलं.

"साहेब, दगड खाली आला की पाणीपण खाली येतं का?"

"तू तुझं काम कर ना."

"केलं की. मी आपलं विचारलं. आमच्यात आरसा फोडून नाक सरळ करत नाहीत."

मी टेप गुंडाळली. मला याचाच पगार होता.

उद्घाटनाला आठवडा होता. मी खालच्या थांब्यावर पाट्यांची मापं घेत होतो. एकटाच. तो थांबा म्हणजे नुसतं काँक्रीट. खोकलं तरी तीनदा ऐकू यायचं. टेप खाली पडली, तर टण... टण... टण.

पाच वाजले.

आणि पायऱ्यांच्या खालून आवाज आला...

"सात... वीऽऽस."

मी ओळखला. तो ओढलेला 'वी' मी झोपेतही ओळखला असता.

खाली वाकून बघितलं. पायऱ्या रिकाम्या. नदी दोन मीटरवर, उन्हात पाठ शेकत पडलेल्या म्हशीसारखी संथ.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली.

खोकलाही घुमणाऱ्या त्या जागेत... त्या हाकेचा प्रतिध्वनी आला नव्हता.

कुणीच ती परत म्हटली नव्हती. भिंतींनीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच. पुन्हा हाक. या वेळी मी जिना चढून पळालो. तिसऱ्या दिवशी सकाळी सफाईवाली बाई माझ्याकडे आली.

"दादा, खाली कोण लंगडं माणूस येतं का हो?"

"का?"

"ओले पाय उठतात फरशीवर. पण एकच पाय. उजवा. पुसलं की परत."

मी म्हटलं, पाइप गळत असेल. ती म्हणाली, "पाइपाला बोटं असतात होय?" आणि बादली उचलून निघून गेली.

उद्घाटनाच्या दिवशी खाली दोनशे माणसं होती. पहिल्या ट्राममधून शाळेची मुलं येणार होती. त्यांत माझी मुलगी. दहा वर्षांची. तिने मामांना कधी पाहिलेलं नाही, घरात त्यांचा फोटोही नाही.

साहेब माइकवर होते. "नदीला आम्ही शिस्त लावली," म्हणाले. टाळ्या पडल्या. प्रकल्पाच्या सल्लागार बाई कारंज्याचं बक्षीस हातात धरून उभ्या होत्या, बाळ धरल्यासारखं.

मुलं ट्राममधून उतरली. पाच वाजले.

"सात... वीऽऽस."

कुणी मान वळवली नाही. साहेब बोलतच होते. आवाज अगदी जवळून आला होता, पहिल्या पायरीच्या खालून.

पुन्हा.

"सात... वीऽऽस."

माझ्या ओठांवर आलं होतं. दोनच शब्द होते. पण म्हटले असते, तर आकडा माझा झाला असता. दगड कुणी हलवला, हे दोनशे माणसांसमोर सांगावं लागलं असतं.

मी टाळ्या वाजवल्या.

काही झालं नाही. कुणी बुडालं नाही. फोटो छान आले.

रात्री जेवताना मुलगी म्हणाली, "बाबा, ते आजोबा कोण होते?"

"कुठले?"

"खालच्या पायरीवरचे. एकच पाय दुमडलेला होता पँटचा. ते आकडा सांगत होते आणि कुणी परत म्हणत नव्हतं."

मी घास ताटात ठेवला.

"मग मी म्हटला," ती म्हणाली. "सात वीस."

"तू कशाला म्हटलास?"

"ते केव्हाचे उभे होते. तुम्हीपण तिथेच होता की."

त्या दिवसानंतर थांब्यावरची हाक बंद झाली. ओले पायही उठेनात.

पण दुसऱ्या दिवशी पाच वाजता माझी मुलगी खेळ टाकून खिडकीत गेली. नदीकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली...

"सात वीस."

आणि थांबली. मी काहीतरी परत म्हणावं म्हणून.

रोज पाचला. बायको म्हणाली, शाळेतलं काहीतरी पाठ करत असेल. नंतर तीच मोजे धुताना कुरकुरायला लागली. "काय गं, रोज उजवाच मोजा कसा भिजतो तुझा? एका पायाने पावसात जातेस का?"

पाऊस नव्हताच.

एकोणिसाव्या दिवशी मी पत्र लिहिलं. दगड मूळ जागी बसवावा, खालचा थांबा बंद करावा, चूक माझी आहे. सही केली. साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

साहेबांनी वाचलं. हसले नाहीत, तेवढी मेहनतही घेतली नाही.

"बढतीच्या यादीत तुझं नाव आहे," ते म्हणाले. "दगडाचं नाही. बघ बाबा, विचार कर."

मी पत्र परत उचललं. चार घड्या घातल्या, खिशात टाकलं. वर "सॉरी साहेब" असंही म्हणालो. या गोष्टीत भीतीदायक काय आहे ते तुम्ही ठरवा. मला स्वतःची सगळ्यात जास्त किळस त्या दोन शब्दांमुळे येते.

घरी आलो तेव्हा पाचला दोन मिनिटं होती. मुलगी खिडकीत उभी होती.

पाच वाजले. ती नदीकडे बघत राहिली. एक मिनिट... दोन मिनिटं...

काहीच बोलली नाही.

मला बरं वाटलं. खरंच सांगतो, सुटल्यासारखं वाटलं.

"काय गं, आज आकडा नाही?" मी हसत विचारलं.

तिने वळून माझ्याकडे बघितलं. घरात येणाऱ्या परक्या माणसाकडे बघावं तसं.

"आता सांगून काय करायचं, बाबा?"

आवाज तिचाच होता. तेच जास्त वाईट होतं.

मग ती शांतपणे कपाटापाशी गेली. खालच्या फळीवरची तिची पुस्तकं काढली आणि खुर्चीवर चढून, एकेक करून, कपाटाच्या माथ्यावर ठेवायला लागली. पुस्तकं झाली. मग बुटांचे जोड. मग आईच्या शिवणाचा डबा.

मी तिला थांबवलं नाही. खाली ट्राम वाजत होती, माणसं आइस्क्रीम खात पाण्याच्या दिशेने उतरत होती.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे.