मैना अशी का चालते?

“क्विक!” संयोगितानं हुकूम सोडला.

“क्विकली!” म्हणत विश्वजित गल्लीच्या टोकापर्यंत धूम पळत जाऊन आला.

दिवाळीच्या सुट्टीत इंग्रजीच्या बाईंनी विशेषणांना एल-वाय जोडून क्रियाविशेषणं करायला सांगितली होती. संयोगिता, विश्वजित आणि हुस्ना या तिघांनी त्याचा खेळच करून टाकला! शब्द बनवायचा आणि तसं वागून दाखवायचं, नाहीतर गल्लीत तसं वागणारं कुणीतरी दाखवायचं.

“हुस्ना, तुला लेझी!”

हुस्ना वायचा आय करायला विसरली नाही. कृष्णातकाकांच्या म्हशीकडं बोट दाखवून ती म्हणाली, “मैना वॉक्स लेझिली!”

तिघांची हसून हसून मुरकुंडी वळली. त्या दिवसापासून मैना दिसली रे दिसली, की तिघं ओरडत, “लेझिली आली, लेझिली!” त्यात सगळ्यांत मोठा आवाज हुस्नाचा.

पाडव्याला म्हशींची मिरवणूक! कृष्णातकाकांनी मैनाची शिंगं रंगवली, मोरपिसं खोवली. आता मिरवणुकीत ती काकांच्या फटफटीमागं पळणार होती. हुस्ना अगदी जवळून बघत होती. मागचा डावा पाय टेकला, की मैनाच्या अंगावर शहारा येई. हुस्नानं काकांचा हात ओढला.

“काका, मैनाचा पाय दुखतुया!”

“नखरं हायत तिचं! फटफटी सुरू झाली की पळंल की!”

काका काही ऐकेनात. तिघांनी एकमेकांकडं पाहिलं.

“काका, शिंगाचा रंग ओघळला!” संयोगिता ओरडली. काका वळले, तेवढ्यात विश्वजितनं फटफटीची किल्ली लांबवली! काका किल्ली शोधत राहिले आणि हुस्ना धावत जाऊन जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आली.

खुराच्या बेचक्यातून गंजका खिळा निघाला.

“बरेच दिवस रुतलाय,” डॉक्टर म्हणाले. “आज पळवली असती, तर पाय कायमचा गेला असता!”

काकांनी तो खिळा हातात घेतला. विश्वजितनं गुपचूप किल्ली पुढं केली, पण ते रागावले नाहीत. ते मैनाची मोरपिसं एकेक करून काढू लागले.

“शाब्बास रं पोरांनो! हुस्ना, रोज धार काढतो, पण मला दिसलं न्हाय. तुला बरं दिसलं!”

सगळी गल्ली तिचं कौतुक करत होती. हुस्नाला मात्र मान वर करवेना. ती मैनाच्या गळ्यात पडली.

“तिचं लंगडणं मला पैल्याच दिवशी दिसलंतं, काका,” ती रडत म्हणाली. “मी हसलो.”