एक पडदा जास्त

प्रयोगशाळेतल्या हवाबंद काचेच्या पेटीला जोडलेल्या रबरी हातमोज्यांत तिनं हात घातले आणि दचकलीच — आत कुणीतरी तिचं बोट धरलं होतं! पेटीच्या पलीकडच्या बाजूनं हात घालून बसलेला तंत्रज्ञ ओशाळून हसला.

"सॉरी हं. मला चिमटा वाटला."

"बोट आणि चिमटा यातला फरक कळत नाही, आणि बॅटरीचे सेल जोडता?"

"इतका नाजूक चिमटा... पहिल्यांदाच हाती आला."

तेव्हापासून लेप तिचा, जोडणी त्याची. चार्ज करताना लिथियमवर धातूचे बारीक काटे उगवतात. सेलच्या दोन बाजूंमधला पातळ पडदा भोसकून ते पलीकडे पोचले, की सेल मेला. काटे अडावेत म्हणून त्या पडद्यावर ती कार्बनच्या नॅनोनळ्यांचा लेप द्यायची. बोटं कायम काळी. तो तिला 'काजळी' म्हणू लागला.

सेल मात्र एकामागून एक माना टाकत होते. प्रकल्पप्रमुख सरांनी सांगून टाकलं — महिनाअखेर काम बंद. आणि त्याच आठवड्यात एक सेल चालत राहिला... चालतच राहिला! मुदत वाढली. आनंदाच्या भरात तिनं त्याच्या गालाला काळं बोट लावलं.

"पुसू नकोस हं."

"पुसतोय कोण!"

पण तसा दुसरा सेल काही होईना. तिनं जंग जंग पछाडलं. शेवटी तो गुणी सेलही मेला, तेव्हा तिनं तो पेटीत उघडला. पडदा उचलला... त्याला चिकटून खाली आणखी एक पडदा.

दोन होते, म्हणून टिकला होता. लेपाची करामत काहीच नव्हती.

"चिकटून आले असतील," ती हलकेच म्हणाली. "इतके पातळ असतात... तुझ्या लक्षात आलं नसेल."

पलीकडून त्यानं हातमोज्यांतले हात काढून घेतले.

"आलं होतं?"

"त्याच संध्याकाळी. उरलेले पडदे मोजले, तर एक कमी भरला. सांगायलाच आलो होतो गं. पण तू इतकी हसत होतीस... आणि सांगितलं असतं, तर काम बंद होऊन तू गेली असतीस. मला तू हवी होतीस, काजळी. अजूनही —"

हेच ऐकायला ती कितीतरी दिवस आसुसली होती. आता ऐकलं, तेही या उघड्या सेलसमोर.

तिनं हातमोज्यांतून हात काढले. "सरांना सांगून येते."

"मी सांगतो. चूक माझी आहे."

"निकाल माझ्या नावावर आहे."

"काम बंद होईल..."

"होऊ दे."

तो आडवा आला नाही. नुसता म्हणाला, "काम नसलं तरी राहा ना. माझ्यासाठी."

"राहिले असते रे." तिचे डोळे भरून आले. "पण यापुढे तू 'सगळं ठीक आहे' म्हणालास, की दर वेळी मला उघडून बघावं लागेल."