पहिल्या दिवसाचं कव्हर

“ताई! अगं, हे काय केलंस तू...!”

मधुराच्या किंकाळीनं स्वयंपाकघर हादरलं. परातीतल्या कोमट पाण्यात फर्स्ट डे कव्हर तरंगत होतं आणि मांडूच्या जामी मशिदीचं टपाल तिकीट त्यावरून सुटून कडेला लागलं होतं. वापरलेली तिकिटं पाकिटावरून अशीच भिजवून काढतात. पण प्रकाशनाच्या दिवसाचा शिक्का बसलेलं कव्हर पाण्यात घालायचं नसतं. शिक्का अर्धा तिकिटावर, अर्धा पाकिटावर, सगळंच मातीमोल! टपालखात्यातून रिटायर झालेल्या श्रीपादअण्णांच्या थोरल्या लेकीला, अहल्याला, हे ठाऊक नव्हतं होय? चांगलं ठाऊक होतं!

तिकिटावरचं चित्र धाकट्या मधुरानं काढलेलं. इंदूरकडच्या नानाखेड्यातल्या त्या घरात सध्या दुसरा विषयच नव्हता. टावर चौकात जावं तर भाजीवालासुद्धा विचारी, “दीदी, आपकी बहन का टिकट आया ना?” अण्णा भिंग लावून तासन्‌तास ती मशीद न्याहाळत, आणि त्यांची औषधं, त्यांचं पथ्य वर्षानुवर्षं सांभाळणारी अहल्या पाण्याचा ग्लास घेऊन शेजारी उभी राही... त्यांची नजर काही वर होत नसे! मत्सरानं तिचं अंतःकरण नुसतं जळत होतं.

“हो, मुद्दाम भिजवलं!” अहल्या रडत ओरडली. “इंदूरच्या आर्ट कॉलेजात आधी माझं नाव लागलं होतं, मधू! आई अंथरुणाला खिळलेली, अण्णा म्हणाले, तू घरी थांब... मी थांबले, आणि दोन वर्षांनी तू गेलीस! चित्रं मीही काढत होते गं...!”

मधुरा पांढरीफटक पडली. “मला तर सांगितलं होतं, तुलाच शिकायचं नव्हतं... देवाशप्पथ ताई, मला माहीतच नव्हतं!”

दारात अण्णा उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी वाकून कव्हर उचललं, फडक्यानं टिपलं आणि ते घेऊन बैठकीत गेले. तिथं त्यांचे तिकिटं जमवणारे दोस्त हेच कव्हर बघायला येऊन बसले होते.

“अरे साहेब, ये क्या हो गया! सत्यानाश!” त्यांच्यातल्या गोपाळकाकांचा आवाज आला.

“माझ्या थोरलीनं भिजवलं,” अण्णा म्हणाले. आत अहल्यानं डोळे घट्ट मिटले. “बरं केलं तिनं. गोपाळराव, कॉलेजची जागा आधी तिला मिळाली होती. मी तिला सोडायला लावली, आणि वर सगळ्यांना सांगत फिरलो की पोरीला गोडी नव्हती! तिच्या त्यागावर हे तिकीट उभं आहे... आणि मी मशीद बघत बसलो, माझी लेक नाही बघितली!”

अहल्या ओट्याला टेकून हुंदके देत राहिली. मधुरानं तिला मिठी मारली आणि दोघी बहिणी कितीतरी वेळ तशाच रडल्या.

मग अहल्यानं डोळे पुसले, परातीतलं तिकीट अलगद तळहातावर घेतलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते नीट पाहिलं. त्या कमानी, तो भव्य घुमट...

“सुंदर झालंय गं,” ती म्हणाली. ते म्हणताना तिला अजूनही थोडं दुखलंच.