खाली कोणीही नाही

हिमछत्र कंपनीच्या छपराने सुनंदा पाथ्रीकर यांना बर्फाखाली गाडलं.

असं काही झालेलं नाही. छपराच्या नोंदीप्रमाणे त्या दुपारी वळचणीखाली कोणीच नव्हतं, आणि जिथे कोणीच नव्हतं तिथे कोणी गाडलं जाईलच कसं? तेव्हा हा विषय आपण सोडून देऊ आणि लाहौल खोऱ्यातल्या शारचुंग गावात, आंगमो आजींच्या अंगणात जाऊ. तिथे ओजस भडकमकर कंपनीच्या माहितीपत्रकासाठी फोटो काढत होता.

ओजस मिरजेचा. पत्र्याच्या घरात वाढलेला. पत्रा म्हणजे उन्हाळ्यात माणूस भाजायचं आणि पावसाळ्यात टीव्ही ऐकू न येऊ द्यायचं साधन, एवढंच त्याला लहानपणापासून ठाऊक. इथला पत्रा वेगळा होता. तो स्मृतिधातूचा होता, म्हणजे आपला जुना आकार लक्षात ठेवणारा आणि वीज मिळाली की त्या आकाराला परत जाणारा. वीज चालू असेपर्यंत पत्र्यावर खवल्यांसारखे हजारो दात उभे राहायचे आणि बर्फ धरून ठेवायचे. घराला आयतं पांघरूण मिळायचं. ओझं फार झालं की छप्पर वळचणीखाली नजर टाकायचं, माणूस नाही अशी खात्री करून घ्यायचं आणि वीज तोडायचं. दात आडवे, बर्फ खाली. फावडं घेऊन घरावर चढणं संपलं. त्याआधी गावातलं कोणी ना कोणी दर हिवाळ्यात घसरून पडायचंच.

माणूस ओळखायचा कसा? उबेवरून. बर्फात जे गरम ते माणूस, हा नियम सुनंदाबाईंनी स्वतः लिहिला होता. त्या ओजसच्या साहेब.

"मॅडम, जरा मागे. अजून थोडं. जॅकेटवरचं चिन्ह दिसू दे."

"ओज्या, मी इंजिनिअर आहे, मॉडेल नाही."

"ते फोटोत कळतंय. तुम्ही काळजी करू नका."

जॅकेट नारिंगी होतं, कंपनीचंच, नाकापर्यंत बंद होणारं. उद्घाटनाला ते अख्ख्या गावाला फुकट वाटलं होतं. 'देहाची कणभर ऊब बाहेर जाऊ देत नाही' अशी त्याची जाहिरात होती. जाहिरात खरी होती. कंपनीच्या बाबतीत असं प्रथमच घडत होतं, त्यामुळे कोणी तयारीत नव्हतं.

छपराच्या कर्ण्यातून आवाज आला, "खाली कोणीही नाही. बर्फ सोडण्यात येत आहे."

आवाज सुनंदाबाईंचाच होता, रेकॉर्ड केलेला. त्यांनी वर पाहिलं.

"काय म्हणाले मी?"

मग छपराच्या उताराच्या खालच्या अर्ध्या भागातला बर्फ आला. आवाज झाला तो एखादं जड कपाट जिन्यावरून सोडावं तसा. आणि सुनंदाबाई उभ्या होत्या तिथे फक्त एक पांढरा ढीग उरला.

ओजसने हाका मारल्या. हाकेला ओ आली नाही. आजींचा मुलगा अंगरूप फावडं घेऊन धावला, पाठोपाठ शेजारचे चौघे. बर्फाखाली माणूस फार वेळ टिकत नाही, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नव्हतं. ते खणायला लागले.

ओजसने मनगटावरच्या, छपराशी जोडलेल्या पडद्याकडे पाहिलं. तिथे लिहिलं होतं: वरचा थर सोडण्यास तयार. खालची माणसं: शून्य.

त्याने समोरचे पाच जण पुन्हा मोजले. पाचही नारिंगी.

"अंगरूपभाई, वरचा अर्धा बर्फ पण येणार आहे!"

"मग बंद कर ना ते!"

"बंद केलं की दात पडतात. दात पडले की बर्फ येतो."

"म्हणजे चालू ठेवलं तरी पडणार, बंद केलं तरी पडणार? कोणी शोधलं हे?"

ओजसने ढिगाकडे बोट दाखवलं. अंगरूप पुन्हा खणू लागला.

"खाली कोणीही नाही," सुनंदाबाई वरून म्हणाल्या. "बर्फ सोडण्यात..."

ओजसने जॅकेट काढलं. स्वेटर काढला. शर्टाची बटणं उघडायला वेळ नव्हता, ती तुटली. बनियनवर तो ढिगावर चढला आणि हात पसरून छपरासमोर उभा राहिला.

आवाज मध्येच थांबला. पडद्यावर आलं: एक.

"आपण धोक्याच्या जागी उभे आहात. कृपया बाजूला व्हा."

"नाही होणार, मॅडम," ओजस सवयीने म्हणाला.

खणणारे आता खड्ड्यात उतरले होते. तिथवर छपराची नजर पोचत नव्हती. म्हणजे छपराला दिसत राहायचं काम एकट्या ओजसचं होतं. वाऱ्याने आधी त्याचे कान गेले, मग बोटं. कातडी गार पडत गेली तशी पडद्यावरची खात्रीही उतरू लागली. माणूस असण्याची शक्यता ऐंशी टक्के. पासष्ट. पन्नास. दहावीच्या निकालातही ओजसने टक्क्यांकडे इतकं जीव मुठीत धरून पाहिलं नव्हतं. चाळीसच्या खाली छप्पर त्याला दगड समजणार होतं.

"लागल्या का मॅडम?" तो ओरडला. दात वाजत होते, त्यामुळे प्रश्न तीनदा विचारल्यासारखा ऐकू आला.

"अजून नाही!"

एक्केचाळीस.

तेवढ्यात आंगमो आजी आल्या. हातात वाफाळती किटली. "हे काय रे बाबा, नवस बोललायस का? घे, चहा घे."

पडदा चमकला. माणसं: दोन. पहिली व्यक्ती, नव्याण्णव टक्के. दुसरी, चाळीस.

आजी तर नारिंगी जॅकेटात होत्या. मग पहिली कोण?

"आजी, किटली इथे ठेवा! उचलू नका!"

"अरे, तुझ्यासाठी आणलीये."

"तिला माझ्यापेक्षा मान आहे, आजी! घरात गरम असेल ते सगळं आणा!"

आजींनी एकवार त्याच्याकडे पाहिलं, वेडाशी वाद नको असं ठरवलं आणि हाकारा केला. भाताचं पातेलं आलं. उकळत्या पाण्याची बादली आली. जोंटी नावाची गाय गोठ्यातून ओढत आणली गेली. तिला मात्र हे सगळं मुळीच पसंत नव्हतं.

"खाली पाच व्यक्ती आहेत," कर्णा म्हणाला. "कृपया गर्दी करू नये."

आणि खड्ड्यातून अंगरूप ओरडला, "हात! हात लागला!"

सुनंदाबाईंना बाहेर काढलं तेव्हा त्यांचे ओठ जांभळे होते आणि श्वास होता. शेजारच्या घरात तंदूरजवळ, म्हणजे खोली तापवणाऱ्या लोखंडी शेगडीजवळ, निजवल्यावर बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले. त्यांना उचलून नेताच पाठीमागे, रिकाम्या अंगणात, छपराला ओझं न पेलून वरचा थर धाडकन कोसळला होता. किटली घाईत तिथेच राहिली होती.

"हेच छप्पर," सुनंदाबाई पुटपुटल्या, "किती गावांत?"

"चाळीस."

"आणि जॅकेटं?"

ओजसने मुख्य कार्यालयाला फोन लावला. तिकडच्या गृहस्थांनी नोंदी तपासल्या. पहिल्या घसरणीच्या वेळी खाली कोणी नव्हतं, त्यामुळे अपघात झालेला नाही. दुसऱ्या वेळी मात्र एक व्यक्ती गाडली गेल्याचं दिसतं. तिच्या नातेवाइकांनी अर्ज करावा. नियम बदलायचा तर चाचण्या उन्हाळ्यानंतर. तोवर गावकऱ्यांनी जॅकेटं काढून वावरावं का? नाही, तसं कंपनी सांगू शकत नाही, जॅकेट हे वेगळं खातं आहे.

खिडकीबाहेर खोऱ्याच्या वरच्या टोकाला आभाळ उतरलं होतं. चाळीस गावांत आता माणसं नारिंगी कपड्यांत अंगणं झाडत असतील. सगळ्यांना फोन लागेल? लागला तर उबदार कपडा काढ म्हटल्यावर कोण ऐकेल?

"लिहून घे," सुनंदाबाई म्हणाल्या. बोटांना पट्ट्या होत्या. ओजसने लिहून घेतलं.

'प्रति, हिमवृष्टी ज्यांच्या अखत्यारीत येते ते सक्षम प्राधिकारी. महोदय, आमच्या छपरांना माणूस ओळखता येत नाही, हे आज आमच्या लक्षात आले आहे. सबब, दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत या खोऱ्यातील बर्फ पडणे तात्पुरते स्थगित ठेवण्यात यावे व तसे लेखी कळवावे, ही नम्र विनंती.'