गोल मूठ, लांब मूठ

शर्मिला गेल्याचं कळलं तेव्हा उमेश भोसेकर प्लायवूडच्या फळीला भोकं पाडत होता. पहिल्या खेळाडूच्या जॉयस्टिकचं भोक झालं होतं, दुसऱ्याचं निम्म्यावर आलं होतं. ती माहेरी जतला गेली होती, तिथेच वारली. फोन मेहुण्याचा होता.

"दाजी, ते ड्रिल बंद करा आधी."

उमेशने बंद केलं. सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाला आणि पुन्हा ड्रिल उचललं. मग आपण काय करतोय, ते त्याचं त्यालाच कळेना.

लग्नाआधी दोघं मिरजेतल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात भेटायची. उतारवयात तसंच मशीन घरी करायचं ठरलं होतं. अडलं होतं ते जॉयस्टिकवर. तिला गोल मुठीची हवी होती, त्याला लांब मुठीची.

"लांब मूठ म्हणजे ट्रॅक्टरचा गिअर," ती म्हणायची.

"मग शेतात जाऊन खेळ," तो म्हणायचा.

शेवटी पारखून बघायला दुकानातून दोन्ही आणल्या, एका चाचणीच्या खोक्यात बसवून, आणि दोघं रोज त्यावर खेळू लागली. या जॉयस्टिक नव्या तऱ्हेच्या होत्या. लोक त्यांना सवयदांडी म्हणत. बुडाशी लोखंडाची धूळ मिसळलेलं तेल असे. चुंबकाचा जोर वाढला की ते घट्ट होई, कमी झाला की पातळ. धरणारा किती जोर लावतो, कुठे अडखळतो, हे दांडी टिपून घेई आणि त्याच्या हाताला साजेशी होई. जोडीदार नसला, तर शिकलेल्या हाताने ती आपली आपणच खेळे. पण नव्या खेळाबरोबर जुनी सवय पुसट होत जाई. कायमची राखायची, तर दुकानात नेऊन तिला कुलूप लावून घ्यावं लागे.

तेरावं झालं, पाहुणे गेले. उमेशने खोकं चालू केलं आणि लांब मूठ हातात धरली. शेजारची गोल मूठ आपोआप हलायला लागली. होड्यांच्या शर्यतीत शेवटच्या वळणाआधी ती किंचित मागे आली, क्षणभर थांबली, आणि मग वळली. शर्मिला अशीच थांबायची.

तो हरला. हरणाऱ्याने खुर्ची बदलायची, हा घरचा नियम. तो उठला, पलीकडच्या खुर्चीत बसला आणि गोल मूठ हातात घेतली. आता लांब मूठ हलू लागली. वळणाआधी तीही थांबली. तो पुन्हा हरला, पुन्हा उठला. असे कितीतरी दिवस गेले. मग एकदा गोल मूठ न थांबताच वळली, आणि उमेश घाबरला.

जॉयस्टिकचं दुकान रेहाना मुजावर चालवायची. उमेशने नेलेल्या दोन्ही दांड्या तिने यंत्राला जोडल्या.

"काका, काकूंच्या दांडीवर कोण खेळलंय मध्ये?"

"मीच. दोन्हींवर. हरलं की खुर्ची बदलायची असते."

"एकटं असतानासुद्धा?"

"नियम आहे तो."

"आणि काकू होत्या तेव्हा?"

"तेव्हाही बदलायचोच."

रेहानाने पडदा त्याच्याकडे वळवला. "मग दोन्हींत दोघं आहात. आणि तुम्ही खेळाल तसं काकूंचं कमी होतंय."

"मग कुलूप लाव. आत्ता."

"लावते. पण आत तुम्हीपण राहाल. काकूंशी खेळताय की स्वतःशी, कळायचं नाही. आणि एकदा कुलूप लागलं की त्यातलं काही काढता येत नाही." तिने एक साधी दांडी पुढे सरकवली. "आधी यावर खेळा. तुमचा हात वेगळा समजला की तो दोन्हींतून वजा करते. उरतील त्या काकू."

उमेश खेळायला बसला. शेवटचं वळण आलं. त्याचा हात किंचित मागे आला आणि क्षणभर थांबला.

त्याने दांडी सोडून दिली.

"हे थांबणंही वजा होईल?"

"तुमच्या हातात असेल तर होणारच."

"पण ते तिचं आहे."

"तुमच्यातपण आहे ना, काका. कोणाचं कोणाला लागलं, ते यंत्राला कळत नाही."

उमेशलाही कळेना. जिंकली की शर्मिला म्हणायची, "थांबायचं हे तुझं बघूनच शिकले." तो ते चेष्टेवारी न्यायचा, कारण आपणच तिचं बघून शिकलो, असं त्याला पक्कं वाटे. मिरजेच्या त्या दुकानात पहिल्यांदा कोण थांबलं होतं?

"मग वजा न करताच कुलूप लावायचं, तर कुठलीला? गोल की लांब?" रेहानाने विचारलं.

"तिला गोल आवडायची. पण ती जास्त कुठलीत आहे?"

"ते वजा केल्याशिवाय सांगता येत नाही, काका."

दोन्ही दांड्या कुलूप न लावताच फडक्यात गुंडाळून उमेशने घरी आणल्या. आता तो त्यांना हात लावत नाही. फळी अजून भिंतीला टेकून उभी आहे. पहिल्या भोकात काही बसवलेलं नाही. दुसरं निम्मंच कापलेलं आहे.