दोघांची इंग्रजी

कॅनडातल्या विनिपेगच्या त्या हॉटेलातल्या धुलाईखान्यात मॅनेजरबाई भराभरा काहीतरी सांगून गेल्या, तेव्हा लुवामने मुकाट मान डोलावली. शेजारच्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या नव्या माणसानेही डोलावली. बाईंची पाठ वळताच तो हळूच म्हणाला, "तुला कळलं?"

"नाही... तुला?"

"एक अक्षर नाही."

ओल्या चादरींआड तोंड लपवून दोघं हसत राहिली.

तो ओस्ताप, युक्रेनचा. ती एरिट्रियाची. इथल्यांची इंग्रजी दोघांच्याही डोक्यावरून जायची, एकमेकांची मात्र कळायची – संथ, मोडकी, अडलं तिथे हातवाऱ्यांनी पुरी केलेली. तो 'काल'ला खुशाल 'उद्या' म्हणायचा. तिला ते गोड वाटायचं, म्हणून तिने कधी सुधारलं नाही. तिच्या डब्यातली इंजेरा, तिच्याकडची मऊ आंबूस भाकरी, म्हणजे ओला टॉवेल आहे, असं सांगून तो ती सगळी संपवायचा. चादरीची टोकं जुळवताना बोटांना बोटं लागायची... आणि घडी उगाच लांबायची.

बर्फाचा नुसता चिखल झाला होता, त्या दिवसांत बातमी आली. त्याचा धाकटा भाऊ आघाडीवर बेपत्ता होता. घरी आई एकटी. ओस्तापने तिकीट काढलं.

लुवाम स्वतः तिच्या देशातल्या सक्तीच्या सैन्यभरतीतून पळून आलेली. तिचा भाऊ तिकडेच अडकला होता, आणि त्याला सोडून आल्याचं शल्य तिला अजून झोपू देत नव्हतं. 'जाऊ नकोस' हे शब्द ओठांवर आले की ती गिळून टाकायची.

विमानतळाच्या बसची वाट पाहत दोघं थांब्यावर उभी होती. आभाळ राखेसारखं खाली उतरलं होतं.

"परत येईन म्हणायचंय," तो म्हणाला, "पण... खोटं ठरलं तर?"

"मग नको म्हणूस." ती खाली बघत राहिली. "मला तू हवास. एवढी इंग्रजी मला येते."

त्याने तिचे गारठलेले हात आपल्या हातांत घेतले आणि तो स्वतःच्या भाषेत बोलू लागला. बराच वेळ. तिने अर्थ विचारला नाही. तो थांबल्यावर ती तिच्या भाषेत, तिग्रिन्यात, बोलायला लागली – थांब म्हणाली, माझ्यासाठी थांब म्हणाली, त्याला कळलं असतं तर त्याचा पाय निघाला नसता असं सगळं म्हणाली.

बस आली. तो चढला.