चार मिनिटं बारा सेकंद

बोलींची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकून ती कागदावर उतरवायची, हे माझं काम. अमरावतीत माझी भाड्याची खोली आहे. खिडकीखालीच रसवंती आहे, तिच्या घुंगरांमुळे दिवसभर हेडफोन लावून बसावं लागतं. गेल्या फेब्रुवारीत युरोपातल्या एका विद्यापीठाकडून एक फाइल आली. मूळ तबकडी १९४३ सालची. इंग्रजांच्या फौजेतून आफ्रिकेच्या वाळवंटात गेलेले आपले काही शिपाई इटलीच्या कैदेत पडले होते. तिथल्या एका छावणीत कुणी प्राध्यापकानं त्यांना ध्वनिमुद्रणाच्या भोंग्यासमोर उभं करून त्यांच्या बोली गोळा केल्या होत्या. फाइलवर माणसाचं नाव नव्हतं. 'कैदी २१४, वऱ्हाडी', एवढंच.

लांबी चार मिनिटं बारा सेकंद. आवाज तरुण, जरासा घोगरा. सांगितलेलं तो निमूटपणे म्हणत होता. एक ते वीस आकडे. मग डोकसं, कान, नाक, हात. मग वखर, डवरा, तिफन. शेवटी मात्र स्वतःचं थोडं.

"मी किसन, गोपालचा. भातकुलीपासून दोन कोसावर टाकळी माहं गाव. आमच्या इहिरीचं पानी खारं हाय. पन मले इथचं गोड पानी घशाखाली उतरत नाई."

त्यावर प्राध्यापक म्हणतो, "बास्ता." म्हणजे पुरे. मग अकरा सेकंद नुसती खरखर.

मी ती फाइल चाळीसेक वेळा ऐकली असेल. मजकूर पाठवूनही दिला. पण ते खारं पाणी डोक्यातून जाईना. टाकळीला फोन लावत लावत कळलं, की किसनची मुलगी हयात आहे. सुंदराबाई, वय शहाऐंशी. बडनेऱ्याला नातवाकडे राहते.

मी भर दुपारी गेले. नातसून हर्षानं दार उघडलं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खिडकीला लागून खाट, खाटेवर सुंदराबाई. जंक्शनवरची प्रत्येक घोषणा खोलीत जशीच्या तशी ऐकू येत होती.

"मी दीड वर्साची होतो, तो गेला तवा," त्या म्हणाल्या. "मंग सरकारचा कागद आला. बेपत्ता. मेला बी नाई, जित्ता बी नाई. छप्पन साली गावानं दीक्षा घेतली. मायनं सारे देव सोडले, पन कुंकू सोडलं नाई. म्हने, कागदावर मेला असं लिवलं नाई."

मी लॅपटॉप उशाशी ठेवला आणि फाइल सुरू केली. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. आकडे, अवयव, अवजारं, विहीर. मी 'बास्ता'ची वाट पाहत होते. त्याऐवजी किसनचाच आवाज आला.

"सुंदरा बोलाले लागली का?"

मग "बास्ता". मग खरखर.

सुंदराबाईंनी डोळे उघडले नाहीत. "लागली बा," त्या म्हणाल्या. "लय बोलते आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाइल तपासली. लांबी तीच, आकार तोच. वाक्य मात्र होतं. माझ्या उताऱ्यात नव्हतं. नजरचुकीनं राहिलं असेल, असं मी स्वतःला समजावलं. चाळीस वेळा ऐकलेल्या चार मिनिटांत माझ्याकडून एक अख्खं वाक्य सुटलं, हे काही पटत नव्हतं. विद्यापीठाच्या संग्रहपाल बाईंना विचारलं. त्यांनी त्यांची प्रत ऐकून कळवलं: हो, वाक्य आहे.

चार दिवसांनी हर्षाचा फोन आला. "ताई, आजी जेवूनच नाई राहिली. म्हनते, त्या पोरीले बोलाव. बापाचं बोलनं अर्धं राहिलं."

मी पुन्हा जाऊन फाइल लावली. या वेळी आकडे चौदावरच थांबले. अवयव नव्हतेच. तोच प्रश्न आला, आणि त्यानंतर एक रिकामी जागा. सुंदराबाईंचं मागचं उत्तर त्यात बरोबर बसेल एवढी. मग किसन म्हणाला, "तुही माय काय करून राहिली?"

हर्षा स्वयंपाकघराच्या दारात आली होती. तिच्या हातातलं उलथनं तसंच वर राहिलं.

"माय गेली, बा," सुंदराबाई म्हणाल्या. "चौऱ्यांशी साली. कुंकू लावूनच गेली. तुही वाट पाहे."

लॅपटॉपमधून फक्त श्वास ऐकू येत होता. बराच वेळ. मग "बास्ता". मी घड्याळ लावलं होतं. चार मिनिटं बारा सेकंद.

मी घरी येऊन फाइल पुसून टाकायची ठरवली. बोट डिलीटच्या कळीवर ठेवून बसले. शहाऐंशी वर्षांची एक बाई आयुष्यात पहिल्यांदा बापाशी बोलते आहे. ते पुसायचा अधिकार माझा कसा? मी लॅपटॉप मिटला.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा सुंदराबाई धुवट पांढरं लुगडं नेसून बसल्या होत्या. फाइल लावली. आकडे नव्हते. वखर, डवरा काहीच नव्हतं. गोळा केलेलं सगळं गेलं होतं.

"बा," सुंदराबाईंनीच सुरुवात केली. "तू कुठी हायस?"

उत्तर लगेच आलं.

"दाराशी उभा हाओ. साहेब पुरे म्हनत नाई, तोवर निंगता येत नाई."

मी 'बास्ता'ची वाट पाहिली. तिसरं मिनिट उलटलं. चौथं लागलं. प्राध्यापकाचा आवाज आलाच नाही.

"आजी," मी म्हटलं, "बंद करू का?"

त्यांनी माझा हात बाजूला केला. पुढे वाकल्या.

"मी म्हनतो पुरे," त्या म्हणाल्या. "लय झालं. ये घरी."

लॅपटॉपमधून दारातली खुर्ची बाजूला सरकल्याचा आवाज.

पावलं.

एक कडी निघाली.

मग खरखरही थांबली.

त्या आठवड्यात संग्रहपाल बाईंचं पत्र आलं. कैदी २१४ च्या तबकडीच्या प्रतीवर आता काहीच ऐकू येत नाही. त्यांनी सुईखाली मूळ तबकडी लावून पाहिली, तीही कोरी. पत्राच्या शेवटी विनंती होती: आमच्या संग्रहातला हा आवाज आपल्याकडे असल्यास कृपया परत पाठवावा. माझी फाइलही मुकी झाली होती. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

रविवारी मी बडनेऱ्याला गेले. हर्षानं ओठांवर बोट ठेवलं आणि मला हळूच आत घेतलं.

"दोन वर्सं झाली, आजी खाटेवरून उतरली नव्हती," ती कुजबुजली. "पाहा."

सुंदराबाई अंगणात चालत होत्या. लहान लहान, अडखळती पावलं. काठी नव्हती. तोल जाई, सावरत, हसत. त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर उचललेला होता. मूठ वळलेली होती, पण पुरती मिटलेली नव्हती. मधे एका बोटाएवढी जागा होती.